ताटलीत न उगवलेल्या माळा

'पू' हा शब्द दिवाळी अंकात चालतो का, असं मी संपादकांना आधीच विचारून घेतलं. "जरा जपून लिहा," असं ते म्हणाले. फराळ करता करता लोक वाचणार, हे मलाही कळतं. पण जिनं तीस वर्षं रोज सकाळी लोकांच्या जखमांचा पूच पाहिला, तिनं आता जपून म्हणजे किती जपून लिहायचं? ज्यांना किळस येते त्यांनी हातातली चकली आधी संपवावी आणि मग पुढं वाचावं.

मी धाराशिवच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होते, जंतूंच्या विभागात. रक्त-लघवी तपासणारे वेगळे. त्यांना पेशंट ओळखतात, कारण ते सुई टोचतात. आम्हाला कुणी ओळखत नसे. ऑपरेशननंतर टाके लाल झाले, जखमेतून पाणी यायला लागलं, की डॉक्टर कापसाच्या काडीवर तो स्राव टिपून आमच्याकडे पाठवत. त्या काडीला स्वॅब म्हणतात. त्यात कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधानं मरतो, एवढं सांगायचं आमचं काम. एवढंच म्हणते, पण त्याला दोन-तीन दिवस लागायचे. कारण जंतू आधी उगवावा लागतो.

तो उगवतो कसा, तर बशीएवढ्या काचेच्या झाकणाच्या ताटलीत आम्ही खळीसारखं एक खाद्य ओतायचो. थंड झालं की ते घट्ट बसतं. काही जंतू साध्या खाद्यावर येतात, पण काही फार लाडावलेले असतात. त्यांना खाद्यात रक्त कालवून लागतं. त्यावर स्वॅब फिरवायचा आणि ताटली माणसाच्या अंगाइतक्या ऊबदार कपाटात ठेवून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं की ठिपके दिसतात. एकेका ठिपक्यात लाखो जंतूंची वस्ती असते.

या जंतूंचे स्वभाव मला माझ्या नणंदांच्या स्वभावांपेक्षा चांगले कळायचे. टाक्यांत हमखास सापडणारा स्टॅफ हळदीच्या रंगाचा, गोल, टापटीप. क्लेबसिएला म्हणजे नुसता चिकटा. सुईनं उचलला की भेंडीसारखी तार सुटते. प्रोटियस एका जागी बसतच नाही, ताटलीभर लाटा पसरवतो आणि शेजाऱ्यांना झाकून टाकतो. आणि भाजलेल्या जखमांत येणारा सुडोमोनास हिरवट असतो आणि त्याला चक्क पिकलेल्या द्राक्षांचा वास येतो. ताटलीचा वास घ्यायला आता बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आम्ही मात्र दारातूनच सांगायचो, आज कोण आलंय ते.

जंतू ओळखला की त्याला पुन्हा एका ताटलीवर सपाट पसरायचं आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. एकेक टिकली एकेका औषधाची. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू उगवत नाही, स्वच्छ गोल वर्तुळ पडतं. ते पट्टीनं मोजायचं. लागू पडलं नाही तर जंतू टिकलीला खेटून उगवतो. मी नोकरीला लागले तेव्हा वर्तुळं एवढी मोठी असायची की एकमेकांत मिसळायची, मोजताना पंचाईत व्हायची. वर्षं सरली तशी ती आक्रसत गेली. निवृत्तीच्या सुमाराला कधी कधी अख्ख्या ताटलीवर एकही वर्तुळ नसे. इकडं मी कागदावर लिहिणार आणि तिकडं कुणाच्या तरी आईसाठी औषधच उरलेलं नसणार.

हे असं का झालं, ते समजायला मोठा अभ्यास लागत नाही. आमच्याकडं लोहाऱ्याचे एक गृहस्थ यायचे. हर्नियाच्या ऑपरेशनची जखम तीनदा चिघळली. पहिल्या वेळी वर्तुळं मोठी, दुसऱ्या वेळी बारीक, तिसऱ्या वेळी जवळजवळ नाहीतच. मी त्यांना विचारलं, "काका, गोळ्या पूर्ण घेतल्या का?"

"घेतल्या की. दोन दिसांत बरं वाटलं. मंग उरलेल्या मेहुणीला दिल्या, तिचा गुडघा लई दुखत व्हता."

"आणि तिचा गुडघा?"

"त्यो दुखायचा न्हाय थांबला. पर गोळ्या वाया बी न्हाय गेल्या."

असल्या माणसाला काय बोलणार! अर्धवट औषधानं अर्धे जंतू मरतात आणि हट्टी तेवढे मागं राहतात, मग त्यांचीच पैदास वाढते, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या हट्टी जंतूला आवडत काय न्हाय, तेवढं सांगा, त्येच खातो." एका खेड्यातल्या कंपाउंडरनं तर स्वॅब स्पिरिटमध्ये बुडवून पाठवला होता. म्हणे एसटीत खराब होऊ नये म्हणून. त्यात काय उगवणार, कपाळ?

आता रक्ताचं सांगते, कारण खरं सांगायचंय ते त्यातलंच आहे.

खाद्यात कालवायचं रक्त मेंढ्याचं चांगलं. माणसाच्या रक्तावर जंतू तितके नीट ओळखू येत नाहीत. पण मेंढ्याचं ताजं रक्त आणायचं कुठून? बाहेरगावाहून मागवलं की उन्हाळ्यात वाटेतच खराब व्हायचं. तेव्हा सोलापूरहून दर शनिवारी येणाऱ्या आमच्या मोठ्या सरांसमोर मी सहज बोलून गेले, "सर, माझे मामा बेंबळीला मेंढ्या राखतात." आमचं माहेरच मेंढरांचं. घरात शिकून नोकरीला लागलेली मी पहिली. सर एकदम खूश झाले.

तेव्हापासून महिन्यातून दोनदा मी सकाळच्या एसटीनं बेंबळीला जायची. पिशवीत उकळून वाफवलेली काचेची बाटली, तिच्यात काचेचे मणी. मामांनी खास या कामासाठी एक मेंढा राखला होता. अंगानं भुरकट, म्हणून त्याचं नाव भोऱ्या. मामा त्याला दोन गुडघ्यांत धरायचे, मी मानेवरची लोकर कातरून सुईनं रक्त काढायची आणि बाटली दहा मिनिटं गोल गोल हलवत बसायची. रक्त गोठवणारे धागे मण्यांना गुंडाळले जातात आणि बाकीचं पातळ राहतं. तोवर मामी भाकरी टाकायच्या. भोऱ्याला नंतर गूळ मिळायचा. परतीच्या एसटीत मांडीवर ऊबदार बाटली घेऊन बसलं की मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. आमच्या घरातली ही कला साहेबाच्या पुस्तकात पोचली, असं काहीतरी वाटायचं. मामांनाही तसंच वाटत असावं. बाजारात कुणी भेटलं की ते सांगायचे, "जिल्ह्याच्या दवाखान्यात आमच्या भोऱ्याचं रगत लागतंय. त्याच्याबिगर त्येंचं मशीन चालत न्हाय."

नवीन रक्त आलं की आधी एका ताटलीवर ओळखीचा जंतू लावून बघायचा, तो उगवला तरच बाकीच्या ताटल्या वापरायच्या, असा नियम पुस्तकात होता. सरांनीही एकदा सांगितला होता. विकतच्या रक्ताला मी तो पाळलाही असता. पण मामांच्या मेंढ्याचं रक्त मी स्वतः काढलेलं, त्यात काय तपासायचं?

जिल्ह्याचं नाव बदलायच्या कितीतरी आधीची गोष्ट. कळंबच्या सुमनताई आमच्या दवाखान्यात भरती झाल्या. ब्लाउज शिवायच्या, कळंबच्या बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं. उजव्या मनगटावरची गाठ काढायचं साधं ऑपरेशन दुसरीकडं झालं होतं. दुसऱ्याच दिवशी हात सुजला, लाली कोपराकडं चढायला लागली, म्हणून त्यांना आमच्याकडं आणलं. आमच्या सर्जनसाहेबांनी आधी जखमेचा स्वॅब घेतला आणि मग लगेच इंजेक्शन सुरू केलं. तो सोमवार होता. स्वॅब माझ्या हातात आला.

काचपट्टीवर रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर दोन प्रकारचे जंतू दिसले. काही आखूड काड्या आणि काही बारीक मण्यांच्या माळा. माळा म्हणजे स्ट्रेप. मी वहीत दोन्ही लिहिलं. भोऱ्याचं नवं रक्त नुकतंच आणलं होतं, त्याच्या ताटल्या त्याच दिवशी ओतल्या होत्या. स्वॅब त्यावर लावला.

मंगळवारी ताटली उघडली तर काड्याच तेवढ्या, म्हणजे नुसता क्लेबसिएला, चिकट, माजलेला. माळेवाल्याचा मागमूस नाही. बुधवारी टिकल्यांचा निकाल लागला. एक औषध सोडून सगळ्यांना तो जंतू खेटून उगवलेला. मी रिपोर्ट लिहिला. काड्या उगवल्या, त्यांची नोंद केली. माळा उगवल्या नाहीत, तर मेलेल्या असतील, असं मनाशी म्हणून सोडून दिलं. त्या रिपोर्टमध्ये माळा हा शब्दच नव्हता.

रिपोर्ट पाहून सर्जनसाहेबांनी चालू इंजेक्शन बंद केलं, कारण माझ्या कागदाप्रमाणं ते निकामी होतं. त्याऐवजी जे एकच औषध लागू पडलं होतं ते सुरू केलं. लालीचं चढणं मंगळवारपासून थांबलं होतं, ती गुरुवारी पुन्हा चढायला लागली. शुक्रवारी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं. शनिवारी सकाळी सर्जनसाहेबांनी घरच्यांना सांगितलं, जीव वाचवायचा तर हात कोपराच्या वरून काढावा लागेल. दुपारी चारची वेळ ठरली. शिवणकाम करणाऱ्या बाईचा उजवा हात.

शनिवार म्हणजे सरांचा दिवस. ते आठवड्याच्या काचपट्ट्या आणि वही पुढ्यात घेऊन बसत. सुमनताईंची पट्टी लावली आणि म्हणाले, "बाई, इथं माळा आहेत."

"हो सर. उगवल्या नाहीत."

"का?"

"मेलेल्या असतील."

सरांनी डोळे वर केले. "स्वॅब इंजेक्शनच्या आधीचा आहे ना? मग त्यांना मारलं कुणी?"

सरांनी त्या आठवड्याच्या बाकीच्या ताटल्या मागितल्या. घशाच्या स्वॅबच्या ताटल्याही त्यात होत्या. निरोगी माणसाच्या घशातही कितीतरी निरुपद्रवी जंतू असतात, ताटली त्यांनी गच्च भरते. या ताटल्या जवळजवळ कोऱ्या होत्या. मी त्या आठवडाभर पाहत होते आणि मला काही वाटलं नव्हतं. सर शांतपणे म्हणाले, "जे मायक्रोस्कोपमध्ये दिसतं ते ताटलीत येत नसेल, तर आधी ताटलीवर संशय घ्यायचा. रक्त कुठलं?"

मी मामांना मोबाईल लावला. मामा गळ्यात पिशवी करून मोबाईल बाळगायचे, रानात असले तरी उचलायचे.

"मामा, गेल्या वेळी भोऱ्याला काही औषध दिलं होतं का तुम्ही?"

"व्हय की! सुई दिली की. तू यायच्या आदी तासभर."

"कसली सुई?"

"पेन्शिलीनची. जनावराच्या डाक्टरनं दिलेली बाटली हाय न्हवं घरात. भोऱ्याचं नाक जरा गळत व्हतं. म्हनलं, पोरीच्या दवाखान्यात रगत जायचं, मान्साच्या जिवाचं काम, घान रगत कसं द्यायचं? म्या सोताच टोचली. का गं? रगत चांगलं निगालं न्हवं?"

"चांगलं निघालं मामा," मी म्हणाले. "याआधी कधी दिली होती?"

"न्हाय बाय, ह्याच बारीला. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

भोऱ्याच्या रक्तातून पेनिसिलिन माझ्या ताटल्यांत उतरलं होतं. माळेवाला जंतू तसा क्रूर, हात-पाय कुजवणारा, पण पेनिसिलिनपुढं त्याचं काही चालत नाही. त्या जुन्या, साध्या औषधाच्या थेंबभर अंशानंही तो मरतो. तो माझ्या ताटलीतच मेला, सुमनताईंच्या हातात मात्र जिवंत राहिला. पेनिसिलिनला न जुमानणारा क्लेबसिएला तेवढा ऐटीत उगवला, आणि मी त्यालाच गुन्हेगार ठरवलं. सोमवारी सुरू केलेलं पहिलं इंजेक्शनच बरोबर होतं. माझ्या कागदानं ते बंद पाडलं, आणि त्याऐवजी दिलेलं औषध माळांवर चालतच नव्हतं.

सर उठून थेट सर्जनसाहेबांकडं गेले. तेव्हा एक वाजला होता. हात काढणं उद्यावर ढकला, पेनिसिलिन लगेच सुरू करा, असं त्यांनी सांगितलं. सर्जनसाहेब आधी तयार नव्हते. चोवीस तासांत जीवच गेला तर? शेवटी त्यांनी जखम उघडून सडलेला भाग साफ केला, काळी पडलेली दोन बोटं काढली आणि औषध सुरू केलं. मी तोवर त्या आठवड्यातले सगळे स्वॅब पुन्हा मागवले. बाकी कुणाचं नुकसान झालं नव्हतं. पण रविवारी सुट्टी असून मी दवाखान्यात गेले आणि दर तासाला वॉर्डच्या दारातून डोकावून येत होते. लाली कोपराच्या वर थांबली होती. सोमवारी ती उतरायला लागली. मी जिन्यात बसून रडले.

हात वाचला. सरांनी वहीत लाल शाईनं 'हे रक्त आणि त्याच्या ताटल्या बाद' असं लिहिलं, नवं रक्त आधी तपासायचा नियम खाली लिहून त्यावर माझी सही घेतली आणि मला एवढंच म्हणाले, "पुन्हा नको." पण सर्जनसाहेबांना त्यांनी सांगितलं ते असं, की बाईंनी काचपट्टी जपून ठेवली होती म्हणून माळा सापडल्या. ते खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं. सर्जनसाहेबांनी सगळ्या स्टाफसमोर माझं कौतुक केलं. घरी जायच्या दिवशी सुमनताई प्रयोगशाळेच्या दारात आल्या. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून डाव्या हातानं त्यांनी मला पेढा भरवला. "तुमी व्हत्या म्हनून हात ऱ्हायला," त्या म्हणाल्या. मी तो पेढा खाल्ला.

मामांना मी काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "त्या दिशी सुईचं का इचारलंस?" मी म्हणाले, "सहजच. आता देऊ नका मात्र, पुस्तकात चालत नाही म्हणे." त्यांनी कानाला हात लावला आणि पुन्हा कधी दिली नाही. काही वर्षांनी पुण्याहून तयार ताटल्या खोक्यांत यायला लागल्या, माझं बेंबळीला जाणं थांबलं. ताटल्या झकास होत्या, एकसारख्या. मला मात्र त्या हातात घेताना कधी आनंद झाला नाही. भोऱ्या म्हातारा होऊन गेला, नंतर मामाही गेले. शेवटपर्यंत ते बाजारात सांगत होते की त्यांच्या मेंढ्याच्या रक्तावर जिल्ह्याचा दवाखाना चालायचा.

हा लेख लिहायला बसले तेव्हा ठरवलं, की हे छापून येण्याआधी सुमनताईंना आपण तोंडानं सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या घरी त्यांनी अंक चाळावा आणि तिथं कळावं, हे बरं नाही. एसटीनं कळंबला गेले. दुकान तिथंच आहे. त्या मशीनवर होत्या, केस पिकलेले, कापड सरकवणारा उजवा हात तीन बोटांचा. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, पण ओळखल्यावर उठून मिठीच मारली. सुनेला चहा टाकायला पिटाळलं. चहा येईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं, सुई, ताटली, माळा, बंद झालेलं इंजेक्शन, ते तीन दिवस.

त्यांनी उजवा हात कापडावरून उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. "म्हंजी बोटं बी ऱ्हायली असती?"

"बहुतेक राहिली असती."

"आन् तुमच्या मामाला म्हाईत हाय हे?"

"मामा गेले. पण त्यांना मी कधीच सांगितलं नाही. फार मनाला लावून घेतलं असतं त्यांनी."

सुमनताईंनी मान डोलावली. राग नव्हता आवाजात, खरंच विचारत होत्या. म्हणाल्या, "मंग मी न्हाय का लावून घेणार, बाई? इतकी वर्सं मी म्हनत व्हते, देवानं दोन बोटं घेतली आन् हात ठिवला. लई बरं वाटायचं मला तसं म्हनलं की."

चूक केल्याची लाज मला होतीच. त्या दिवशी त्यांच्या दुकानात बसून वाटली ती लाज वेगळी होती. माझं ओझं उतरवायला मी गेले होते आणि ते त्यांच्या मांडीवर ठेवून आले होते.

चहा झाला. निघताना मी विचारलं, "मग लिहू ना?"

"लिवा की. आता मला कळलंच हाय," त्या म्हणाल्या. "नाव तेवढं बदला. आन् सुनंला काय बोलू नगा, ती समद्यास्नी देवाचीच गोष्ट सांगती."

नाव मी बदललं आहे. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं, आणि मी दाराबाहेर पडेपर्यंत वर पाहिलं नाही.